पॅकेज वर्षाचं, व्यायाम मार्चपर्यंतचा

प्रश्न: वय ४४, उंची पाच फूट सात इंच, वजन ८६ किलो. मानेवाड्याला राहतो, इतवारीत एका पेढीवर हिशेबाचं काम करतो. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसात खुर्चीत. गेल्या महिन्यात एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी) ६.१ निघालं. डॉक्टर म्हणाले, आत्ता गोळी नको, व्यायाम करा आणि वजन उतरवा. तीन वर्षं झाली, दर जानेवारीत जिमचं वर्षाचं पॅकेज घेतो आणि एप्रिल लागला की जाणं सुटतं. मागच्या खेपेला स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठका) करून उजवा गुडघा दुखायला लागला, जिना उतरताना अजून जाणवतो. आता जिमची दिवाळी ऑफर आली आहे: वर्षाचे पैसे भरा, वर सहा महिने फुकट. तिथला ट्रेनर प्रोटीन पावडर आणि फॅट बर्नर घ्या म्हणतो. मित्र म्हणतात, रविवारी बॅडमिंटनला ये. बायको म्हणते, फुकट चालता येतं तर पैसे कशाला घालता? काय करू?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर:

भाऊ, ऑफर घेऊ नका. जिम लावा, पण तिमाही. आणि मार्च संपता संपता ती आपणहून बंद करायची आहे, असं आजच धरून चाला.

तीन वर्षं तुमचं सुटतं ते नेमकं एप्रिलातच. आळस असता तर कधी फेब्रुवारीत सुटलं असतं, कधी ऑगस्टात. जानेवारीत आपल्याकडे सकाळी दहा-बारा अंश असतात. त्या हवेत ठरवलेला कार्यक्रम, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, दहा तासांच्या नोकरीनंतर, दिवसभर तापलेल्या हॉलमध्ये तसाच्या तसा चालेल असं धरून तुम्ही पैसे भरता. तो कोणाचाच चालत नाही. एप्रिल-मे महिन्यात जिम रिकामी राहणार हे जिमवाल्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर सहा महिने फुकट द्यायला त्याचं काही जात नाही.

नागपुरात वर्षाचा व्यायाम तीन तुकड्यांत आखावा लागतो. दिवाळी ते होळी, होळी ते पहिला पाऊस, आणि पावसाळ्यापासून परत दिवाळी. दर तुकड्यात जागा, वेळ आणि प्रकार बदलायचा. बदलायचं नाही ते एकच: आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम.

हे दोन दिवस कशासाठी, ते वहिनींनाही सांगा, कारण त्यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम सांगते आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंचा. पहिला भाग चालून फुकटात होतो. दुसरा होत नाही. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलून साठवण्याचं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू, आणि चाळिशीनंतर खुर्चीत बसून ते हळूहळू लहान होत जातं. मांड्या, नितंब, पाठ हे मोठे स्नायू ओझं उचलल्याशिवाय धरत नाहीत.

तुमचा ६.१ हा आकडा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा आहे (५.७ ते ६.४ हा तो पट्टा). इथून मागे फिरता येतं. अमेरिकेत २००२ साली छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात अशाच लोकांना दोनच उद्दिष्टं दिली होती, वजन सात टक्के उतरवा आणि आठवड्याला १५० मिनिटं चाला. सुमारे तीन वर्षांत त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. आपल्याकडे चेन्नईच्या २००६ च्या अभ्यासात ही घट २८.५ टक्के होती, म्हणजे बरीच कमी, पण त्याच अभ्यासात काहींना दिलेल्या गोळीच्या तोडीची. तुमचे सात टक्के म्हणजे सहा किलो. ८६ वरून ८०. वर्षभरात एवढंच करायचं आहे. तीन महिन्यांत पंधरा किलोची जाहिरात करणाऱ्याकडे फिरकू नका.

सुरू करण्याआधी रक्तदाब मोजून घ्या. चालताना छातीत दाटतं, नेहमीपेक्षा जास्त धाप लागते किंवा घरात कोणाला पन्नाशीच्या आत हृदयविकार झाला आहे, यातलं काही असेल तर डॉक्टरांना तसं सांगून मगच वजनं उचला.

आता गुडघा. तो सुजला असेल, मध्येच अडकत असेल, पाय एकदम लचकून सुटत असेल किंवा रात्री झोपेतून उठवत असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञ. तसं काही नसेल आणि फक्त जिना उतरताना वाटीच्या आसपास दुखत असेल, तर बहुतेक वेळा मांडीचा पुढचा स्नायू कमजोर आणि ओझं एकदम जास्त, असं गणित असतं. तुमच्या बाबतीत आणखी एक शंका येते. दर जानेवारीत तुम्ही मागच्या मार्चला जिथे सोडलं, तिथून सुरू करता. नऊ महिने काहीच न केलेल्या पायांवर तेव्हाचं वजन टाकता. दहा तास खुर्चीत बसून नितंब आणि घोटे आखडलेले असतात, खाली बसताना टाचा उचलल्या जातात, सगळा भार गुडघ्याच्या पुढच्या भागावर येतो.

म्हणून बारबेल, म्हणजे दोन्ही टोकांना वजन लावायची लांब दांडी, सध्या विसरा. जेवणाच्या टेबलाची खुर्ची घ्या, साधारण ४५ सेंटिमीटर उंचीची, आणि ती भिंतीला टेकवून ठेवा. पाय खांद्याइतके फाकवून, टाचा जमिनीला चिकटवून, तीन अंक मोजत हळूहळू खाली जा, खुर्चीला फक्त टेका आणि उठा. हात छातीशी. गुडघे आत पडू देऊ नका, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहू द्या. असे आठ, मग दीड मिनिट दम, परत आठ. एक दिवसाआड. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे ठरवा. तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलं तर चालू ठेवा. त्याच्या वर गेलं किंवा दुसऱ्या दिवशीही ठणकलं तर खुर्चीवर एक जाड उशी ठेवून उंची वाढवा. बंद करू नका. दोन आठवड्यांत दोनदा बारा सहज झाले की छातीशी ५ किलोचं डंबेल धरा, मग साडेसात, मग १०. जिन्याचं दुखणं साधारण सहा ते आठ आठवड्यांत उतरू लागतं, त्याआधी निकाल मागू नका.

जिम निवडायला सकाळी अकराला जाऊ नका. तेव्हा सगळ्याच जिम छान दिसतात. तुम्ही ज्या वेळी जाणार त्याच वेळी जाऊन अर्धा तास नुसतं उभं राहा. तुमच्या नोकरीला सकाळी सातची वेळ धरते. रात्री साडेआठला प्रत्येक बेंचवर तिघं नंबर लावून असतात आणि ४५ मिनिटांच्या कामाला दीड तास लागतो. डंबेल अडीच-अडीच किलोच्या टप्प्याने आहेत का बघा. पाचावरून थेट दहाची उडी असेल तर हातांच्या व्यायामात तुम्ही महिनोन् महिने अडकाल. खाली रबराची चटई हवी. हवा खेळती आहे का, म्हणजे एकीकडून आत येऊन दुसरीकडून बाहेर जायला वाट आहे का, हे मात्र नीट बघा. भारी आरसे आणि दिवे बघून काही कळत नाही.

पैशाचं गणित हजेरीवर करायचं. समजा वर्षाचे १२,००० भरले आणि चाळीस दिवस गेलात, तर एका दिवसाला ३०० रुपये पडले. तिमाही दर महिन्यागणिक महाग दिसतो, पण तुमच्यासारख्याला तोच स्वस्त. पावतीवर सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख लिहून घ्या. गावाला गेलात, आजारी पडलात तर मुदत गोठवता येते का, म्हणजे ज्याला ते ‘फ्रीज’ म्हणतात, ते किती दिवस आणि किती वेळा, हेही कागदावर घ्या. तोंडी आश्वासन देणारा ट्रेनर तीन महिन्यांत दुसऱ्या जिममध्ये गेलेला असतो. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथेही कागदच विचारतात.

दिवाळी ते होळीचा कार्यक्रम असा. मंगळवार आणि शुक्रवार जिम. आधी पाच-सात मिनिटं सायकल किंवा वेगात चालणं, अंग किंचित ओलं होईपर्यंत. मग छातीशी डंबेल धरून वर सांगितलेली बैठक. त्यानंतर बेंचवर एक हात टेकवून दुसऱ्या हाताने डंबेल कमरेकडे ओढणं, ज्याला रो म्हणतात. मग कमरेतून वाकून डंबेल मांड्यांवरून पोटऱ्यांपर्यंत सरकवत नेणं आणि परत उभं राहणं, रोमानियन डेडलिफ्ट. यात पाठ सपाट राहिली पाहिजे आणि मांडीच्या मागे ताण जाणवला पाहिजे. ताण कमरेत जाणवला तर वजन जास्त आहे किंवा तुम्ही गुडघे अजिबात न वाकवता नुसती पाठ गोल करताय. मग बेंचवर हात ठेवून तिरका दंड, बसून डोक्यावर डंबेल दाबणं, आणि शेवटी दोन्ही हातांत जड डंबेल घेऊन तीस-चाळीस पावलं ताठ चालणं. हा शेवटचा प्रकार कोणी फारसं करत नाही, दिसायला काही विशेष नाही म्हणून. पण पकड, खांदे, पोट आणि पाय एका वेळी कामाला लागतात आणि चुकायला जागा कमी, म्हणून तुमच्यासाठी तो लाखमोलाचा.

प्रत्येक व्यायामाचे पहिले दोन आठवडे दोन सेट, म्हणजे मध्ये दम घेऊन दोन फेऱ्या, मग तीन. आठ ते बारा वेळा. सेट संपताना आणखी दोन निघाले असते असं वाटलं पाहिजे. त्याच्या पुढे खेचू नका. तिन्ही सेटमध्ये बारा-बारा झाले, आणि हे जिमच्या लागोपाठ दोन दिवशी झालं, की हातांच्या व्यायामात अडीच किलो वाढवा, पायांच्या व्यायामात पाच. उचलताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब त्या क्षणी फार वर जातो. वजन आणि आकडे एका वहीत लिहा. हिशेबाचा माणूस असून व्यायामाची खतावणी ठेवत नाही, हे बरं नाही.

बाकीच्या दिवसांपैकी चार दिवस ३५ मिनिटं चालणं. रमतगमत नाही. १५ सेकंदांत पावलं मोजा, २५ च्या वर हवीत. बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये, हा वेग. रस्ता निवडताना एक काळजी घ्या. आपल्याकडे आता सिमेंटचे रस्ते झालेत आणि कडेला पेव्हर ब्लॉक. सिमेंट पायाला कडक, आणि ब्लॉक कुठे खचलेला, कुठे उचललेला. घोटा मुरगळायला अंधारात तेवढं पुरतं. तुम्हाला रेशीमबागचं मैदान जवळ आहे, तिथली माती गुडघ्याला बरी. रविवारी वेळ असेल तर सेमिनरी हिल्सला जा. नागपूर सपाट गाव, चढ मिळायचा तर तिथेच. पण गुडघा शांत होईपर्यंत चढा वेगाने आणि उतरा सावकाश.

आणि रात्रीच्या जेवणानंतर लगेच पंधरा मिनिटांची शतपावली. साखरेच्या दृष्टीने दिवसातली ही सगळ्यात मोलाची पंधरा मिनिटं आहेत, कारण जेवणानंतरची साखर चढत असतानाच पाय ती वापरू लागतात. तासाभराने, मालिका संपल्यावर चाललात तर तेवढा उपयोग नाही. पेढीवर फोन आला की उभं राहून बोला, पाऊण तासाला एकदा पाणी भरायला उठा.

बागांमध्ये जी ग्रीन जिम बसवली आहे तिच्याबद्दल बरेच जण विचारतात. पाय हवेत झुलवायच्या यंत्राला अडथळाच नाही, त्यावर ताकद वाढत नाही. बसून हाताने दांडा ढकलायचं किंवा ओढायचं यंत्र बरं, कारण त्यात आपल्याच वजनाचा काही भाग उचलला जातो. पण त्यात ओझं वाढवता येत नाही. वीस-वीस वेळा सहज व्हायला लागलं की त्याचं काम संपलं.

होळी झाली की खरी परीक्षा. मार्चच्या मध्यापासून चालण्याची वेळ दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा. मे महिन्यात सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, तेव्हा तुम्ही सव्वापाचला घराबाहेर आणि सव्वासहाला परत असलं पाहिजे. संध्याकाळचं चालणं एप्रिल-मेमध्ये सोडून द्या. दिवसभर तापलेलं सिमेंट रात्री नऊपर्यंत खालून आग ओकत असतं, हवामान खात्याचा आकडा उतरला तरी तुमच्या पोटऱ्यांना तो उतरलेला जाणवत नाही. शतपावली दहाच्या पुढे, किंवा घरातच.

उन्हाची सवय अंगाला लागायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं आणि तेवढ्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडतात. म्हणून मार्चअखेर चालणं बंद करून मेमध्ये ‘आजपासून’ म्हणून निघणारा माणूस सगळ्यात धोक्यात. पहिले तीन-चार दिवस निम्माच वेळ चाला, मग वाढवा. आठवडाभर एसीच्या लग्नघरात राहून आलात की परत निम्म्यापासून.

निघायच्या आधी ग्लास-दीड ग्लास पाणी. घरी आल्यावर, घाम पुसून, वजन करा. निघतानापेक्षा अर्धा किलो कमी भरलं तर पुढच्या दोन तासांत पाऊण लिटर प्यायचं. तासाभराच्या चालण्याला साखरेचं सरबत किंवा बाटलीतलं एनर्जी ड्रिंक लागत नाही, तुमच्या रिपोर्टला तर ते वर्ज्यच. मीठ घातलेलं पातळ ताक पुरे. उलट्या-जुलाब झाले तर गोष्ट वेगळी, तेव्हा ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात. अर्ध्या पाकिटाचा अंदाज करू नका.

चालताना पायात गोळे आले, डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर सावलीत बसा, पाणी प्या, आणि त्या दिवशी व्यायाम संपला. सोबतचा माणूस बरळायला लागला, पावलं वाकडी पडायला लागली, ओळखेनासा झाला, तर तो उष्माघात समजायचा, अंगावर घाम असो वा नसो. आधी थंड करायचं, मग हलवायचं. सावली, कपडे सैल, मिळेल तेवढं पाणी अंगावर ओतून वारा घालायचा, बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघेत. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. हे चालू ठेवून दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवा, त्याने अपाय नाही, पण त्याच्या भरवशावर नऊला निघू नका. रक्तदाबाची, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी पुढे सुरू झाली तर उन्हाळ्यातल्या व्यायामाबद्दल डॉक्टरांना वेगळं विचारा.

एप्रिल ते जून ताकदीचे दोन दिवस घरात, सकाळी साडेसहाला, वीस-पंचवीस मिनिटं. थंडीत कमावलेली ताकद टिकवायला थोडं काम पुरतं, सेट निम्मे केले तरी चालतात. ओझं मात्र राखावं लागतं. त्यासाठी जुनी शाळेची पाठपिशवी काढा, तिच्यात आट्याची १० किलोची थैली घाला. ती छातीशी धरून खुर्चीवरची बैठक, तीच हातात धरून कमरेतून वाकणं. ओढायचा व्यायाम बादलीने, पण बादली पाण्याने काठोकाठ भरू नका, हिंदकळते आणि पाठ वाकडी होते. वाळूची किंवा तांदळाची पिशवी आत ठेवा आणि कडीला दुपट्टा गुंडाळा, नाहीतर बोटं कापतात. दंड स्वयंपाकाच्या ओट्यावर हात ठेवून, पुढे खुर्चीच्या बैठकीवर, मग जमिनीवर. कमी ओझ्यात जास्त काम हवं तर खाली जाताना चार अंक मोजा. तेवढ्याने मांड्या थरथरतात.

कूलर लावून व्यायाम करा, पण खोली बंद करू नका. कूलर पाण्याची वाफ करून हवा थंड करतो, म्हणून बाहेरची कोरडी हवा आत आणि ओली झालेली हवा समोरच्या खिडकीतून बाहेर गेली पाहिजे. खिडकी लावली की दहा मिनिटांत खोली दमट होते, घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. पाऊस सुरू झाल्यावर कूलरवर चालणाऱ्या जिममध्ये जीव नकोसा होतो तो याचमुळे. तेव्हा नुसता पंखा बरा. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या दिवसांत बाहेरचं चालणंही घरात आणा. आठ-दहा दिवसांनी काही बिघडत नाही.

पोहता येत असेल तर उन्हाळ्यात त्यासारखं सुख नाही, गुडघ्यावर भारही येत नाही. पण सुट्यांमुळे तेव्हा तलावांवर पोरांची झुंबड असते, म्हणून पहाटेची पहिली बॅच बघा. सायकल असेल तर आधी सीटची उंची तपासा: टाच पॅडलवर ठेवून, पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. नागपुरात निम्मे लोक सीट खाली ठेवून चालवतात आणि मग गुडघ्याला दोष देतात.

पावसाळ्यात परत जिम, परत तिमाही. जुलैत सुरू केलीत तर सप्टेंबरअखेर मुदत संपते, ऑक्टोबरचं ऊन चुकतं आणि दिवाळीला नवी पावती. जुलैत पहिल्या दिवशी मार्चच्या वहीतलं वजन दिसेल. त्यातलं साठ-सत्तर टक्केच उचला आणि तीन आठवड्यांत तिथे पोचा.

बॅडमिंटनची घाई नको. आठवडाभर खुर्चीत आणि रविवारी सकाळी दोन तास सिंगल्स, याइतका चाळिशीच्या माणसाचा घात करणारा प्रकार नाही. टाचेची शीर, जिला अकिलीस म्हणतात, ती बहुधा अशाच रविवारी तुटते. पुढे झेपावताना पोटरीवर मागून कोणी लाथ मारली असं वाटतं, वळून बघावं तर कोणी नसतं. तुमच्या गुडघ्याला तर ती पुढची झेप सध्या मुळीच नको. फेब्रुवारीपर्यंत थांबा. तोपर्यंत जिन्याच्या पायरीवर पुढचे पंजे ठेवून टाचा वर-खाली, पंधराचे तीन सेट, आठवड्यातून तीनदा. जिना विनादुखता उतरता आला आणि एका पायावर असे पंधरा झाले की मग जा. पहिले सहा आठवडे फक्त डबल्स, पाऊण तास.

बूट चालण्याचे नकोत. त्यांची टाच जाड आणि मऊ असते, आडवं सरकलं की पाय बाहेरच्या बाजूला कलंडतो. बॅडमिंटनचे गम सोलचे, खाली पातळ आणि सपाट असलेलेच घ्या. कोर्ट लाकडी किंवा सिंथेटिक मॅटचं असेल तरच, सिमेंटच्या कोर्टवर पैसे वाचवू नका. नायलॉनचं शटल घेणार असाल तर हिरव्या पट्टीचं मागा. गरम हवेत शटल जास्त लांब जातं, हिरव्या पट्टीचं संथ असतं, निळं मध्यम, लाल थंड प्रदेशासाठी. निळं घेतलं तर आपल्याकडे एप्रिलात प्रत्येक टोला रेषेबाहेर.

डब्यांबद्दल. फॅट बर्नर घेऊ नका, फुकट दिला तरी. त्यात बहुतेक वेळा भरपूर कॅफिन आणि ठोके वाढवणारी आणखी काही द्रव्यं असतात. चरबी त्याने नावापुरती जळते, पण झोप उडते, रक्तदाब चढतो, आणि उन्हाळ्यात अंगाचं तापमान आणखी वर जातं. प्रोटीन पावडर विष नाही, गरजेचीही नाही. ती फक्त दुधापासून काढलेलं प्रोटीन आहे, एका चमच्यात वीस-पंचवीस ग्रॅम. तुम्हाला दिवसाला ८० ते ९० ग्रॅम पुरेत. दोन वाट्या घट्ट वरणातून तेरा-चौदा, चार पोळ्या किंवा भाकरींतून बारा, दोन अंड्यांतून बारा, वाटीभर दह्यातून पाच, मूठ-दीड मूठ फुटाण्यांतून दहा, आणि ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीतून पंचवीसच्या वर. झालं की जवळपास ऐंशी. अंडी चालत नसतील तर त्या जागी ७० ग्रॅम पनीर. तरीही डबा घ्यायचाच असेल तर बिल आणि एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी परवाना क्रमांक बघून दुकानातून घ्या. ट्रेनरच्या पिशवीतून घेऊ नका.

चालून झाल्यावर चौकात तर्री पोहे खायची सवय असेल तर ती आठवड्यातून एकदावर आणा, आणि वर शेव न घालता. पस्तीस मिनिटांच्या चालण्यात जेवढं जळतं, त्याहून जास्त एका प्लेटीत परत येतं. सावजीचा रविवार महिन्यातून एकदा ठेवा, मटणाचे तुकडे खा, वरचा तवंग सोडा.

मोजमाप कसं करायचं ते सांगून थांबतो. वजन रोज नको, दर रविवारी सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही न खाता. महिन्याला अर्धा ते एक किलो उतरलं तर चाललंय ते बरोबर आहे. टेप बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, महिन्यातून एकदा. आपल्या पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या आत हवं. एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत परत करू नका. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि ही तपासणी त्यांच्यावर चिकटलेली साखर मोजते, म्हणून महिन्याभराने केली तर निम्मी जुनीच साखर दिसेल आणि तुम्ही उगाच खट्टू व्हाल. पहिली फेब्रुवारीअखेर करा आणि दुसरी जुलैत. जुलैची जास्त महत्त्वाची, उन्हाळ्यात घरातला व्यायाम खरंच झाला की नाही ते तिच्यात कळेल.